चुन्याचा पट्टा

सुडलैमुत्तू ताडावरून निम्मा खाली आला होता. पायांत दोराचा फास, छातीला कातड्याचा तुकडा, कमरेला नीरेचं मडकं. खाली छत्री मिटून ज्ञानदीपम उभी होती, मान वर करून. ऊन अजून तांबड्या वाळूपर्यंत पोचलं नव्हतं, तरी तिला घाम फुटला होता.

“काय बाई,” तो वरूनच म्हणाला, “अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्या एवढ्या सकाळी ताडाखाली? झाडावर चढायचा वर्ग काढताय की काय?”

एरवी ती यावर काहीतरी खणखणीत बोलली असती. आज नुसतीच हसली, आणि ते हसूही अर्ध्यावर राहिलं. घरापासून इथपर्यंत येताना तिनं एक वाक्य मनात नीट घोळवून आणलं होतं. वर पाहता पाहता ते कुठं सांडलं कोण जाणे.

सुडलैमुत्तू खाली उतरला. साठी उलटली होती, पण उतरताना त्याचा पाय कधी चाचपडत नसे. त्यानं एक ताडपान दुमडून द्रोण केला, फडक्यातून नीरा गाळली आणि तिच्यापुढं धरली.

“घे. पोटात काही नसेल तुझ्या अजून.”

थट्टेच्या लहरीत असला की तो तिला बाई म्हणायचा. एरवी ती त्याची दीपम असायची. दोघांचे आजोबा सख्खे भाऊ. धाकट्यानं बाप्तिस्मा घेतला, थोरल्यानं नाही. भांडण झालं ते वर्षभर टिकलं, मग कुणाच्या तरी लग्नात दोघं शेजारी जेवायला बसले आणि विषय संपला. पनैविळै गावात अशी घरं किती तरी होती. एकाच अंगणात एका दाराशी रविवारी चर्चला जायची घाई आणि दुसऱ्या दाराशी माडस्वामी देवाला द्यायच्या कोंबड्याची तयारी.

ज्ञानदीपमनं द्रोण ओठाला लावला. मडक्याला आतून लावलेल्या चुन्याची हलकी चव, आणि मग गोडवा. पिता पिता तिची नजर खोडावर गेली. छातीएवढ्या उंचीवर वीतभर रुंद, पांढराशुभ्र चुन्याचा पट्टा. पोंगलला त्यानं तो पुन्हा ताजा केला होता.

हे शाळेचं झाड. तिचे वडील इथं मिशनचे उपदेशक म्हणून नेमले गेले तेव्हा त्यांनी ही रीत घातली होती. ज्याला जमेल त्यानं आपल्यातलं एक झाड शाळेला द्यायचं. झाड मालकाचंच, पण त्याच्या नीरेचा गूळ शाळेचा. ओळखू यावं म्हणून चुन्याचा पट्टा. शनिवारी त्या झाडाचा गूळ घेऊन घरच्या बाईनं शाळेच्या फाटकाशी यायचं, घराचं नाव मोठ्यानं सांगायचं, आणि शाळेच्या मुख्यानं फाटकाला टांगलेल्या रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर एक टोला द्यायचा. पावती नाही, सही नाही. ‘देवाला ऐकू गेलं, झालं,’ असं उपदेशक म्हणत. त्या गुळावर आधी दोन खोल्या झाल्या, मग शाळा झाली, आणि आता पाच वर्षांपूर्वी मुलींचं अध्यापिका विद्यालय. दुमजली, वसतिगृहासकट.

“सांग आता,” सुडलैमुत्तू म्हणाला. तो कोयत्याची धार अंगठ्यानं चाचपत होता. “नीरा प्यायला तू आलेली नाहीस.”

“शनिवारी मद्रासहून कोर्टाचा माणूस येतोय.”

“येऊ दे की. कॉफी दे, विद्यालय दाखव.”

“विद्यालय बघायला नाही येत. ते कुणी बांधलं हे बघायला येतोय.”

त्यानं कोयता कमरेला खोचला आणि वाळूत उकिडवा बसला. “नीट सांग. मला कोर्टातलं कळत नाही.”

“सरकार म्हणालं, जिल्ह्यात मास्तरणी पुष्कळ झाल्या, आणखी विद्यालय नको. म्हणून मान्यता दिली नाही. मान्यता नाही म्हणून मुलींना परीक्षेला बसू देत नाहीत.”

“ते मला नको सांगू. आमची नात पेच्ची वसतिगृहातून घरी आली की आजीच्या मांडीवर डोकं ठेवून रडते. दोन वर्षं शिकून शेवटी कांजीच ढवळायची का, म्हणते.”

“म्हणून आपण कोर्टात गेलो. अल्पसंख्याकांना आपली विद्यालयं काढायचा हक्क घटनेनंच दिलाय, सरकारला असं उगाच अडवता येणार नाही, असं आपल्या वकिलांनी मांडलं.”

“बरोबर मांडलं.”

“आता सरकार म्हणतं, हे विद्यालय अल्पसंख्याकांचं नाहीच. हे सगळ्या गावानं बांधलंय.”

सुडलैमुत्तू मोठ्यानं हसला. “सरकारला जन्मात पहिल्यांदा काहीतरी खरं कळलं म्हणायचं.”

ज्ञानदीपम हसली नाही. तिनं रिकामा द्रोण उलटा केला, सुलटा केला. “अण्णा, मी कोर्टात शपथेवर लिहून दिलंय. सगळा खर्च आमच्या चर्चच्या मंडळीनं केला म्हणून.”

“सगळा?”

“सगळा.”

सही करताना तिनं मनाची समजूत घातली होती. संस्थापक आपले वडील, जागा मिशनची, चालवणारी मंडळी आपली. मग खोटं कुठं आहे? समजूत घालायला माणसाला फार लांब जावं लागत नाही. आणि परंज्योती वकिलांनी मद्रासच्या त्यांच्या खोलीत पंख्याखाली बसून बजावलं होतं, ‘बाई, गावानं हा शब्द तोंडातून काढू नका. गावानं म्हणालात की केस गेली, मुलींची दोन वर्षं गेली, मागच्या तुकडीची अडकलेली परीक्षाही गेली.’ मुलींचे चेहरे तिच्या डोळ्यांपुढं आले होते. तिनं सही केली. पण त्या दिवसापासून ती सुडलैमुत्तूच्या दारावरून जायचं टाळत होती, हेही खरं.

“म्हणजे माझ्या बापाचं झाड आडवं आलं,” सुडलैमुत्तू म्हणाला.

“तुझं एकट्याचं नाही. तुमच्याकडची आणखी दोन-चार घरं असतील ना.”

त्यानं तिच्याकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. “दोन-चार?”

“का? जास्त आहेत?”

“मी कुठं मोजलीत,” तो म्हणाला, आणि पायातला फास सोडवायला लागला. “काय करायचं ते सांग.”

“पट्टा पुसून टाक. बाकीच्यांनाही सांग. आणि शनिवारी तुमच्यातलं कुणी गूळ घेऊन येऊ नका.”

‘तुमच्यातलं’ हा शब्द तिनं आजवर कधी वापरला नव्हता. आपोआप तोंडातून गेला. तो दोघांनीही ऐकला, आणि दोघांनीही ऐकला नाही असं दाखवलं. वर ताडाच्या झावळ्या एकमेकींवर आपटत होत्या.

सुडलैमुत्तूनं दोर खांद्यावर टाकला.

“बरं, बाई,” तो म्हणाला.

त्यात थट्टा नव्हती. ज्ञानदीपम छत्री न उघडताच घरी आली.

*

कोर्टानं नेमलेले वकील कल्याणसुंदरम हे शांत, जाडसर, मधुमेही गृहस्थ निघाले. आडदांड माणूस येईल या भीतीनं ज्ञानदीपमनं रात्र कूस बदलत काढली होती. त्यांनी मात्र आल्या आल्या चपला काढून वर्गात पाऊल टाकलं, मुलींना बसा म्हणाले, फळ्यावरचं अक्षर सुंदर आहे म्हणाले. भला माणूस होता. भल्या माणसाला फसवणं जास्त कठीण जातं, हे तिला तेव्हाच जाणवलं.

परंज्योती त्यांच्यासोबत होते. सरकारतर्फे आलेला कारकून उन्हाला वैतागून भाड्याच्या गाडीतच बसून राहिला होता.

“तुमच्या अर्जात ताडगुळाचा उल्लेख आहे,” कल्याणसुंदरम म्हणाले. “मंडळीतल्या घरांनी एकेक झाड दिलं, त्याच्या गुळावर इमारत उभी राहिली. छान गोष्ट आहे. ती झाडं बघू या का?”

तळ्याच्या कडेनं ती पुढं झाली. ही वाट तिच्या पायाखालची. लहानपणी वडिलांचं बोट धरून ती इथून चर्चला जायची तेव्हा दोन्ही बाजूंनी पांढरे पट्टे सोबत असायचे. अंधार पडल्यावरही वाट चुकायची नाही.

वळणापाशी ती थांबली. तिला वाटलं, आपण भलत्याच बनात शिरलो.

पट्टे नव्हते. म्हणजे होते, कुठंतरी एक, मग बऱ्याच अंतरानं दुसरा. बाकी खोडांवर छातीएवढ्या उंचीला तांबड्या मातीचा लपका फासलेला. माती वाळून खोडाच्या रंगात मिसळून गेली होती. माहीत नसलेल्याला काही दिसलं नसतं. ज्ञानदीपमला दुसरं काहीच दिसेना. उजवीकडं माती, डावीकडं माती, पुढं विहिरीपर्यंत माती. आणि चुन्याचे पट्टे ज्या थोड्या झाडांवर उरले होते, त्यातल्या बहुतेकांवर मडकंच टांगलेलं नव्हतं. ती मंडळीची झाडं. मंडळीतली पोरं शिकली, मास्तर झाली, तुतुकुडीला गेली, मद्रासला गेली. झाडावर चढणार कोण? गेली कित्येक वर्षं शनिवारी फाटकाशी उभं राहून ती टोले देत होती, पण कुणाचं घर कुठल्या देवाचं हे तिनं कधी मनाशी मांडलंच नव्हतं. नावं ऐकायची, टोला द्यायचा. दर वर्षी स्थापनादिनाला भाषणात मात्र ती म्हणायची, ‘आपल्या मंडळीच्या आणि काही शेजाऱ्यांच्या मदतीनं.’

काही शेजारी.

“पट्टा आहे तीच शाळेची झाडं ना?” कल्याणसुंदरम विचारत होते.

“हो,” परंज्योतींनीच उत्तर दिलं.

“फार थोडी आहेत.”

“पूर्वी पुष्कळ होती साहेब. वादळात पडली.”

कल्याणसुंदरम यांनी आजूबाजूला पाहिलं. “पडलेल्या झाडांचे बुंधे दिसत नाहीत कुठं.” ते ज्ञानदीपमकडं वळले. आवाजात आरोप नव्हता, नुसतं कोडं होतं. “बाई, एवढ्याशा झाडांच्या गुळावर दोन मजले आणि वसतिगृह? मी काही शेतीतला माणूस नाही. पण हिशेब बसत नाही मनात.”

तिनं तोंड उघडलं. ‘गावानं’ हा शब्द जिभेच्या टोकावर होता, अगदी टोकावर. बोलून टाकावं आणि मोकळं व्हावं. मग वसतिगृहातल्या मुलींचं काय?

“त्यांच्या झाडांना पाझर जास्त आहे, साहेब.”

आवाज वरून आला. सगळ्यांनी माना वर केल्या. तळ्याकाठच्या पहिल्याच ताडावर, झावळ्यांच्या बेचक्यात सुडलैमुत्तू बसला होता. त्याच्या झाडावरचा पट्टा इतका स्वच्छ खरवडला होता की तिथं खोड उघडं पडलं होतं. मग वर माती.

“असं?” कल्याणसुंदरम हसले. “आणि तुमच्या झाडांना?”

“आमचं आपलं पोटापुरतं. देव त्यांच्यावर जास्त खूश आहे.”

“तुम्ही यांच्या शाळेला काही दिलं नाही कधी?”

“आम्ही कशाला देऊ साहेब? शाळा त्यांची. आम्ही काही नाही दिलं.”

सहज म्हणाला. कोयत्यानं कोंबाचा पापुद्रा काढता काढता म्हणाला. ज्ञानदीपमनं मान खाली घातली. त्याच्या बापाचं हे झाड. पहिला पट्टा ह्याच झाडावर ओढला होता, तिच्या वडिलांनी, स्वतःच्या हातानं.

कल्याणसुंदरम यांनी कागदावर काहीतरी टिपलं, पण त्यांच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. “आज शनिवार आहे. तुमच्याच अर्जात आहे, दर शनिवारी गूळ येतो म्हणून. येऊ दे. तो कोण आणतं ते बघूनच मी निघेन.”

परंज्योतींचा चेहरा उतरला. शनिवारी येऊ नका, हे ज्ञानदीपमनंच सांगितलं होतं. आणि ज्यांना यायची मोकळीक होती, त्यांच्या दाराला कुलपं होती.

वर झावळ्या सळसळल्या. सुडलैमुत्तू मडकं न काढताच उतरायला लागला होता.

*

फाटकाशी कडुनिंबाच्या सावलीत खुर्च्या टाकल्या. कल्याणसुंदरम यांना बिनगुळाची काळी कॉफी दिली. वसतिगृहाच्या खिडक्यांत मुली होत्या. त्यांना हलू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून त्या हलत नव्हत्या, पण सगळ्या होत्या. रुळाचा तुकडा फाटकाच्या कमानीला टांगलेला, त्याची लोखंडी दांडी ज्ञानदीपमच्या मांडीवर. ती वाटेकडं बघत नव्हती. कुणी येणार नाही हे ठाऊक असलेल्या वाटेकडं काय बघायचं?

परंज्योती हळूच तिच्या कानाशी लागले. “मंडळीतल्या कुणाला तरी निरोप धाडा ना. पाच-सहा माणसं तरी.”

“चर्चच्या पाळकसाहेबांची बायको आहे,” ती म्हणाली. “आणि कोवीलपिल्लै म्हातारा. त्याला दिसत नाही.”

परंज्योतींनी डोळे मिटून घेतले.

मग वाळूत पावलं वाजली. डोक्यावर ताडपानाची टोपली घेऊन एक बाई आली. बांधावरच्या घरातली मारी. तिच्या मागं दुसरी. तिच्यामागं आणखी. तळ्याच्या वळणावरून रांगच्या रांग येत होती, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पनैविळैच्या बायका चार पावलं मुक्यानं चालल्याचं ज्ञानदीपमला आठवत नव्हतं.

मारी फाटकाशी थांबली. टोपली उतरवली. गुळाच्या ढेपा काळ्याभोर, अजून कोमट. तिनं पदर सारखा केला आणि मोठ्यानं सांगितलं,

“वेदमाणिक्कमच्या घरचं.”

ज्ञानदीपमचा हात दांडीवर तसाच राहिला. वेदमाणिक्कमला त्याच्या मुलानं तुतुकुडीला नेलं होतं. त्याच्या दाराला कुलूप लागून इतकी वर्षं झाली होती की कुलपावर गंज चढून ते एकजीव झालं होतं.

“बाई, टोला,” मारी हळूच म्हणाली.

तिनं टोला दिला.

“शामुवेल कंपाउंडरच्या घरचं,” दुसरी म्हणाली. कंपाउंडरचं सगळं बिऱ्हाड मद्रासला होतं. नाताळालासुद्धा येत नसत.

टोला.

“तंगम टीचरच्या घरचं.” तंगम टीचरला मागच्या वर्षाच्या आधीच्या वर्षी पुरलं होतं. मूल ना बाळ. सांगणारी पोर तिच्या शेजारची, तिच्याच हाताखाली पाढे शिकलेली. ती नाव सांगताना चाचरली नाही, पण डोळे मात्र खाली होते.

टोला.

तेव्हा कुठं ज्ञानदीपमनं त्यांच्या चेहऱ्यांकडं नीट पाहिलं, आणि तिच्या हातातली दांडी जड झाली. एकीच्याही कपाळावर कुंकू नव्हतं. भस्माचं बोटही नव्हतं. घाईनं पुसलेलं. कुणाच्या भुवयांच्या मधोमध अजून लालसर फराटा होता, कुणी ओल्या पदरानं इतकं घासलं होतं की कातडी सोलल्यासारखी दिसत होती. कपाळं पुसा म्हणून तिनं सांगितलं नव्हतं. पट्टे पुसा म्हणाली होती, येऊ नका म्हणाली होती. पुढचं त्यांचं त्यांनी ओळखलं होतं. ख्रिस्ती घरची बाई दिसायची तर काय लागतं, हे त्यांना शेजारी राहून चांगलंच माहीत होतं.

“ही सगळी तुमच्या मंडळीतली घरं?” कल्याणसुंदरम यांनी विचारलं.

“हो,” ज्ञानदीपम म्हणाली. “मंडळीतलीच घरं आहेत.”

शब्दाला शब्द खरं होतं. एवढं खरं बोलताना इतकी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती.

टोले पडत राहिले. कुलूपबंद घरांमागून कुलूपबंद घरं पुकारली गेली, मेलेली माणसं पुकारली गेली, आणि ढेपांचा ढीग वाढत गेला. कल्याणसुंदरम यांच्या कपाळावरची आठी हळूहळू उकलली. त्यांना हा सगळा प्रकार मनापासून आवडला होता, ते दिसत होतं.

शेवटी इसक्की आली. सुडलैमुत्तूची बायको. टोपली तिची सगळ्यांत मोठी. ती धापा टाकत होती. मोठ्या रुपयाएवढं कुंकू लावणारी बाई, गावात लांबून ओळखू यायची. तिचं ते कपाळ उघडं, रुंद, ओळखीचं नसलेलं. वरच्या खिडकीत पेच्चीनं तोंडावर हात दाबून धरला. ज्ञानदीपमनं ते पाहिलं आणि मनात म्हणाली, पोरी, आत्ता नको. आत्ता एक शब्द नको.

इसक्कीनं टोपली ठेवली, पण नाव सांगेना.

“कुठलं घर अम्मा तुमचं?” कल्याणसुंदरम यांनी आपुलकीनं विचारलं.

इसक्कीनं ज्ञानदीपमकडं पाहिलं.

“उपदेशकाच्या घरचं,” ती म्हणाली.

उपदेशकाचं घर म्हणजे ज्ञानदीपमचं. वडिलांचा ताड वादळात पडला त्याच वर्षी वडील गेले. नंतर तिनं झाड घेतलं नाही. चढणार कोण, हा प्रश्न तिलाही होताच. तेव्हापासून तिच्या घराचं नाव ह्या फाटकाशी कुणी घेतलं नव्हतं. लोकांच्या नावानं टोले देता देता तिला त्याची आठवणही उरली नव्हती.

“म्हणजे संस्थापकांचंच घर,” कल्याणसुंदरम म्हणाले. “तुमचंच की, बाई.”

“हो,” ती म्हणाली. “माझंच.”

आणि तिनं आपल्याच घरासाठी टोला दिला. रूळ बराच वेळ घुमत राहिला.

कल्याणसुंदरम उठले. “मला एवढंच बघायचं होतं. अशी मंडळी आजकाल कुठं बघायला मिळते? मी तसंच लिहीन.” त्यांनी जाताना बायकांना हात जोडले. बायकांनीही जोडले, जरा अवघडून.

परंज्योती मागं रेंगाळले. “मुली परीक्षेला बसल्या म्हणूनच समजा,” ते ज्ञानदीपमला हलक्या आवाजात म्हणाले. “बाई, तुम्ही फारच छान बसवलंत हो सगळं.”

गाडी सुरू झाली. कारकून मागच्या सीटवर झोपून गेला होता.

बायका एकेक करून निघाल्या. येताना गप्प होत्या तशाच जातानाही. एरवी रिकाम्या टोपल्या डोक्यावर पालथ्या घालून त्यांची मस्करी चालायची. आज त्यांनी टोपल्या पुढं धरल्या होत्या, कपाळाच्या उंचीवर. इसक्की तेवढी कमानीखाली थांबली होती.

ज्ञानदीपमनं दांडी पुन्हा उचलली.

“आता कुणाचं?” इसक्कीनं विचारलं.

“सुडलैमुत्तूच्या घरचं.”

“नको गं.” इसक्कीनं हात पुढं करून रूळ धरला. “गाडी तळ्याच्या वळणावर असेल अजून. लांबवर ऐकू जातं.”

“मग गाडी जाईपर्यंत थांबू.”

“थांबून काय होतंय? अण्णा तुझा सांगत होता, सरकार आता वरच्या कोर्टात जाईल, मग दिल्लीला जाईल. पेच्ची मास्तरीण होऊन पोरं शिकवायला लागेल तरी हे चालूच राहील म्हणे.” तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं ज्ञानदीपमला वाटलं. “आम्ही काही दिलं नाही, असं तो साहेबासमोर बोललाय. आता बोललाय ते बोललाय.”

जिन्यावरून धाडधाड पावलं आली. पेच्ची अनवाणीच पळत आली आणि आजीच्या अंगावर जवळजवळ कोसळली.

“आजोबा?” तिला पुढं बोलवेना. “आजोबांना काय झालं?”

“काय व्हायचंय मेल्याला? ताडावर बसलाय.” इसक्कीनं तिच्या पाठीत हलकेच धपाटा घातला. “रडू नको. परीक्षा आहे तुझी. जा, तुझी कुंकवाची डबी घेऊन ये. आणि आरसा. नवरा जिवंत असताना मी अशी गावातून कशी जाऊ?”

पेच्ची गेली आणि आली. डबी तिनं आजीच्या हातात दिली. आरसा ज्ञानदीपमनं घेतला, वसतिगृहातला, एका कोपऱ्याला पारा उडालेला. तिनं तो इसक्कीच्या चेहऱ्यासमोर धरला. जन्मात कधी कुंकू न लावलेल्या त्या हातांना आरसा किती उंच धरायचा ते कळेना.

इसक्कीनं बोट कुंकवात बुडवलं, आरशात पाहिलं, आणि बोट तसंच हवेत थांबवलं.

“हलवू नको गं,” ती म्हणाली. “सरळ धर.”